हटवार सरांची मेवा नेता

हटवार सर निवांत बसलेत असं मी तरी कधी पाहिलं नाही. लाखनीत आमच्या दोन घरांत एकच भिंत. शाळाही एकच, मी मराठीची आणि ते पी.टी.चे. म्हणजे जागेपणी हा माणूस एक तर माझ्या डोळ्यांसमोर, नाही तर कानावर. चहा उभ्यानं. पेपर उभ्यानं. स्टाफरूममधल्या त्यांच्या खुर्चीवर आम्ही बायका पर्सा ठेवायचो. जेवायला तेवढे पाटावर टेकायचे, तेही भाताचं दुसरं वाढण येईस्तोवर. मग ताट हातात घेऊन अंगणात फेऱ्या. त्यांची बायको, कुसुमवहिनी, म्हणायच्या, "याईच्या मायनं याईले चालता चालता जन्माले घातलं असन." कोणी बसायचा आग्रह केला की सरांचं उत्तर ठरलेलं, "बसला तो फसला."

गळ्यात शिट्टी. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातच. पहाटे तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, फिरायला निघाले की गल्लीच्या तोंडाशी एकदा वाजवायचे, का ते देवालाच ठाऊक. माझी झोप त्या शिट्टीनं किती वर्षं मोडली! मी स्वभावानं चिडकी आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे, लपवून काय करू? पण या माणसाशी धड भांडताही यायचं नाही. मी वाक्य सुरू करावं आणि ते संपायच्या आत सर हायवेच्या पुलाखाली पोचलेले असावेत. उरलेलं भांडण पोटात ठेवून मी कणीक तिंबायला घ्यायची.

अशा माणसानं साठी उलटल्यावर एक परकी भाषा शिकायला घेतली. तीही इंग्रजी वगैरे नाही. कातालान!

त्याचं कारण मीरा. सरांचा एकुलता एक मुलगा प्रशांत कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी स्पेनला गेला, बार्सिलोनाच्या पलीकडच्या एका लहानशा गावात राहिला आणि तिथल्याच मार्ता नावाच्या मुलीशी लग्न केलं. त्यांची मुलगी मीरा. ती चांगली बडबड करण्याएवढी झाली, तरी या आजी-आजोबांनी तिला फक्त मोबाइलवर पाहिलेली. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा आणि भिंतीपलीकडून मला हाक, "गभणे मॅडम, या लवकर!" कारण सरांच्या हातात फोन स्थिर राहत नसे. नातीला आजोबांच्या जागी पंखा, कॅलेंडर आणि दाराची चौकट दिसायची. म्हणून फोन धरायचं काम माझ्याकडे.

तो कॉल म्हणजे जिवाला नुसता घोर. पोरगी यायची, मोठ्या डोळ्यांनी बघायची, तिच्या भाषेत काहीतरी विचारायची आणि वाट बघायची. इकडे वहिनी, "ये ना वो माय, पाय ना इकडं!" आणि सर नुसतेच हात हलवतायत. मग पोरगी जायची निघून. एकदा ती अशी पळाली तेव्हा सरांनी काय करावं? शिट्टी वाजवली! शाळेत धावतं पोरगं थांबवायची तीच एक रीत त्यांना माहीत. मीरा किंचाळली, रडली आणि नंतरचे दोन रविवार फोनजवळ फिरकली नाही. सरांनी शिट्टी गळ्यातून काढून खिळ्याला अडकवली. त्या घरात मी ती खिळ्याला पहिल्यांदाच पाहिली.

प्रशांत म्हणाला, उन्हाळ्यात या दोघंही, तिकिटं मी काढतो. वहिनींनी लगेच पापड-सरगुंड्यांचा हिशेब सुरू केला. सर मात्र अंगणात येरझारा घालत मला म्हणाले, "तिथं जाऊन काय मुका राहू, मॅडम? माही नात माह्याशी बोलली नाही, त मी गेलो कायले?"

ते आधी चुकून स्पॅनिश शिकले. स्पेन म्हणजे स्पॅनिश, यात माणसाचं काय चुकलं? मोबाइलवर धडे ऐकत पारीवर हिंडायचे. महिनाभरानं रविवारी सर फोनसमोर सावधानात उभे राहिले आणि खणखणीत म्हणाले, "बुएनोस दियास, मीरा! कोमो एस्तास?" पोरगी थबकली, आईकडे वळून काहीतरी बोलली आणि मार्ता खोखो हसली. प्रशांत म्हणाला, "बाबा, ती विचारून राहिली, आजोबा टीव्हीतल्यावानी काहून बोलतात? आमच्या घरात कातालान बोलतात ना. स्पॅनिश समजते तिले, पण घरातली बोली ते नाही."

मला वाटलं आता हा माणूस खचणार. पण कॉल संपल्यावर सरांनी अंगणात तीन-चार फेऱ्या मारल्या आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"समजलं, मॅडम. मी तिच्याशी पुस्तकी बोललो. तुमच्यावानी."

"माझ्यावानी म्हणजे?"

"तुमी वर्गात 'मले' म्हननाऱ्याले 'मला' म्हनाले लावता ना, तसं. तिची घरची झाडीबोली वेगळी हाय. नातीसोबत झाडीतच बोला लागते. पोट्टी पुस्तकाले कायले भाव देईन?"

झाडी म्हणजे आमच्या भागातली घरची बोली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जन्मभर शुद्धलेखन शिकवलं त्याचं हे फळ! पण खरं सांगायचं तर मनातल्या मनात मला ते पटलं होतं.

मग प्रशांतनं प्रवाशांसाठीची लहान लहान वाक्यं मार्ताच्या आवाजात पाठवली आणि सरांनी ती आमच्या मधल्या भिंतीवर खडूनं लिहून काढली. त्यांच्याच बाजूनं लिहिली म्हणा, पण ओरडायचे ते माझ्या बाजूला ऐकू येईल असं. बोन दिया म्हणजे सकाळचा नमस्कार. सिस प्लाउ म्हणजे कृपया. शिकायची रीत तीच, कवायतीची. "बोन दिया, एक! सिस प्लाउ, दोन!" हात वर, हात खाली. एकदा सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "के फास? के फास?" आणि लगोलग वहिनींचा, "दिवसाउजेडी फासबीस काय म्हनून राहिले घरात! बंद करा म्हनतो ना!" 'के फास' म्हणजे 'काय करतेस', हे वहिनींना शेवटपर्यंत पटलं नाही. वहिनींनी आपल्यापुरता एकच शब्द घेतला, माका. त्या भाषेत पोरीला लाडानं 'माका' म्हणतात, गोडुली म्हणा ना. वहिनी केसांना माक्याचंच तेल लावायच्या, त्यामुळं त्यांना तो विसरायची सोयच नव्हती.

नवीन शब्द आला की सरांना तो वापरल्याशिवाय चैन पडायचं नाही. आता लाखनीत कातालान कोणाशी बोलणार? ते सगळ्यांशीच बोलायचे. पारीवरचे म्हातारे "बोन दिया, सर" म्हणायला शिकले. बाजारात अड्याळकडची एक बाई वांगी घेऊन बसायची. सरांनी भाजी घेतली आणि निघताना ऐटीत म्हणाले, "अदेउ!" म्हणजे 'येतो आता'. बाई बुचकळ्यात पडली. "तुमी काय देता जी सर? देनारी त मी हाओ." आणि मूठभर मिरच्या पिशवीत टाकल्या. सर खूश होऊन पुन्हा "अदेउ, अदेउ!" बाईनं आणखी दोन वांगी टाकली आणि म्हणाली, "आता बस झालं हं, सर." हे कळल्यापासून वहिनी भाजीला सरांनाच पाठवायला लागल्या.

पण गावभर झालं ते 'मेवा नेता'. कातालानमध्ये नातीला म्हणतात नेता. माझी नात म्हणजे 'ला मेवा नेता'. माझ्या मनचं सांगत नाही, भिंतीवर लिहिलेलं होतं. 'मला माझ्या नातीशी बोलायचं आहे' हे सगळं वाक्य सरांनी घोटलं होतं, पण जिभेवर बसलेलं तेवढंच शेपूट. चहाच्या टपरीसमोर उभे राहून, हातात कप, डोळे मिटून, "मेवा नेता, मेवा नेता" असा त्यांचा जप चालायचा. ते दिवस नगरपंचायतीच्या निवडणुकीचे. टपरीवरच्या लोकांनी तो शब्द असा उचलला म्हणता! कोणी पुढारी गाडीतून उतरला की मागून आवाज, "आला पाय मेवा नेता!" मेवा खाणारा तो मेवा नेता, आणखी फोड करून सांगायची गरजच काय?

शेवटी एक माजी सभापती दोन माणसं घेऊन सरांच्या अंगणात आले. मी मधल्या भिंतीवरून डोकावून. "सर, आमी तुमचे विद्यार्थी. काही चुकलं असन त तोंडावर सांगा. असं चौकात कायले बदनाम करून राहिले?" सरांना आधी काही उमगेचना. उमगल्यावर त्यांनी मोबाइल काढला आणि मीराचा फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. "हे पाय. हे माही मेवा नेता. माह्याशी बोलत नाही, म्हनून घोकून राहिलो." सभापतींनी फोटो पाहिला, सरांकडे पाहिलं, चपला काढल्या आणि वहिनींच्या हातचा चहा पिऊन गेले. जाताना सर त्यांना 'अदेउ' म्हणाले. त्यांनी काय समजून घेतलं कोण जाणे, पण हात जोडले.

आता हसू येतं, पण तो सगळा काळ सरांच्या अंगात मुंग्या शिरल्यासारखा गेला. व्हिसाच्या कामाला मुंबईला जाऊन आले, तेव्हापासून कुरियरवाल्याची वाट. दुपारी ऊन कडकडीत असलं तरी हायवेच्या फाट्यावर जाऊन उभे राहायचे. ट्रकमागून ट्रक जातायत आणि हे धुळीत उभे. जेवण कमी झालं. वहिनी काळजीनं म्हणायच्या, "हा मानूस जाईस्तोवर टिकते का नाही?"

आणि त्यातच तो रविवार आला. पाठांतर पक्कं झालं होतं. मी फोन धरला. वहिनी बाजूला. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. मीरा दिसली आणि सरांनी सुरू केलं, "ओला, मीरा! सोक लावी! कोम एस्तास? के फास?" नमस्कार मीरा, मी आजोबा, कशी आहेस, काय करतेस. सगळं बरोबर. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

पोरगी उभीच राहिली. मग धावत आली ती थेट कॅमेऱ्यापर्यंत. तिचं नाक आणि दात एवढंच दिसत होतं. आणि ती बोलायला लागली. काय बोलली म्हणता! जणू आजवरचं साठवलेलं होतं. हात करून दाखवतेय, एक बाहुली आणली, गुडघ्यावरचं खरचटलेलं दाखवलं. शेवटी एक प्रश्न विचारला आणि थांबली.

सरांनी दारातून अंगणातल्या भिंतीकडे पाहिलं.

त्यांना प्रश्न पाठ होते. उत्तर आलं तर काय करायचं, हे त्या भिंतीवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. मीरानं पुन्हा विचारलं. मग जे पुढचं वाक्य पाठ होतं तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "एल कोम्प्ते, सिस प्लाउ!" म्हणजे हॉटेलात म्हणतात ते, बिल आणा. मीरा हसली, बिचारी खळखळून हसली, आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं. हळू, एकेक शब्द सोडवून, जसं आपण लहान मुलाला विचारतो. शेवटी तिनं बाहुली उचलली आणि गेली.

"मॅडम," सर म्हणाले, "तिनं मले विचारलं. तीन खेपा विचारलं. मले." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. माझ्या हातात फोन तसाच. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "मग प्रशांतला विचारायचं ना, काय म्हणते म्हणून!" तर वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "विचारतीन कसे? जनमभर सिट्टी वाजवली. सावधान म्हना, विश्राम म्हना. त्याचं कोनी उत्तर देते काय? याईले आयकाची सवय हाये कुठं!"

वहिनी असं काही बोलतील हे त्यांना स्वतःलाही वाटलं नसावं. बोलून झाल्यावर घाबरल्याच. सरांनी बाहेर जाऊन भिंतीवरचं सगळं ओल्या फडक्यानं पुसून काढलं.

व्हिसा आला आणि दोघं गेले. नागपूरच्या विमानतळावर सोडायला मी गेले होते. सर एकही कातालान शब्द बोलले नाहीत. रांगेत उभे होते आणि दर मिनिटाला पासपोर्ट खिशात आहे का चाचपत होते. मला म्हणाले, "मॅडम, पोट्टी समोर आली अन् मी पुन्हा मुका झालो त?" मी खेकसले, "नाही होणार, जा आता!" पण घरी येईपर्यंत गाडीत मला तेवढंच ऐकू येत होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी परत आले. धानाच्या बांध्यांत परे टाकायची, म्हणजे रोपांसाठी बी पेरायची, घाई चाललेली, सगळा गाव शेतात. तिकडचं बरंचसं मला वहिनींकडूनच कळलं. पाठ केलेली वाक्यं पहिल्याच संध्याकाळी संपली म्हणे. मीरा आठवडाभर आईच्या मागून बघायची. तिची तिकडची आजी, म्हणजे आमच्या वहिनींची विहीण, रोज यायची. त्या भाषेत विहिणीला चक्क शब्द आहे, कोन्सोग्रा. हे मात्र सरांनी मला फाटक उघडायच्या आत सांगितलं. "इंग्रजीत विहिणीले शब्द नाही, मॅडम. त्याईच्यात हाय! म्हंजे आपलेच लोक होत." वहिनी आणि ती कोन्सोग्रा भाषेवाचून दिवसभर मटार सोलायच्या आणि हसायच्या. आणि सर? "हे त्या आजीच्या बाजूले उभे राहत," वहिनी म्हणाल्या. "पोट्टी तिच्यासंग बोले, अन् हे नुसते पायत राहत. मी म्हटलं, काय पायता? त म्हनत, शिकून राहिलो." काय शिकत होते, ते वहिनींना काही सांगता येईना.

मला विचारायचं होतं, पण परतल्यावर सर जरा वेगळेच वागायचे. फिरायचे तेवढेच, पण बोलणं कमी. रविवारी फोन धरायला मला हाक येईना. मला त्याचा रागच आला होता. गरज सरो आणि वैद्य मरो! त्याच रागात मी सामान बांधलं, कारण दुसऱ्या दिवशी मी लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला जाणार होते. तिथंच मला सर वारल्याचा फोन आला. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळचं जे काही आहे, तेवढंच माझ्याजवळ आहे.

मी माझ्या घराची किल्ली द्यायला गेले, तर वहिनी म्हणाल्या, पारीवर आहेत. मी तणतणत पार चढले. धान निसवून लोंबीवर आलेलं होतं, वारा नव्हता. सर एका मोहाच्या झाडाखाली उभे होते, फोन कानाला. व्हिडिओ नाही, साधाच. पलीकडून त्या पोरीची टकळी मला चार पावलांवरून ऐकू येत होती. सर मध्येच म्हणायचे, "आ सी?" पुन्हा तिकडून धबधबा. मग सर, "इ के मेस?" पुन्हा धबधबा. दुसरा एक शब्द नाही. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी त्यांनी मला पाहिलं आणि फोनवर तळहात ठेवला.

"हे काय बोलता?" मी विचारलं.

"आ सी म्हंजे 'असं काय?' अन् इ के मेस म्हंजे 'मंग?' तिची तिकडची आजी दिसभर हेच बोलते."

"आणि मीरा काय सांगतेय एवढं?"

"काय मालूम. कुत्र्याचं काही होय, नाही त शाळेतल्या पोट्टीचं. अर्धंबी समजत नाही मले."

"मग काय उपयोग, सर?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच मुलखाची अडाणी.

"थे बोलून राहिली ना, मॅडम," म्हणाले, आणि फोन पुन्हा कानाला लावला.